चार नंबरचं काडतूस

खटकचिंचोळीच्या चन्नव्वाला कुणी चहा दिला तरी ती आधी देणाऱ्याला घोट घ्यायला लावायची. नवरा गेल्यापासून हा संशय तिच्या अंगात मुरला होता. धाकटा दीर वीरण्णा दिसला की मग तर विचारायलाच नको. रस्त्याकडचं उसाचं रान तिच्या नावावर होतं आणि त्यावर दिराचा डोळा आहे, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्या साली उसात रानडुकरं शिरली. फड तुटत आला की ती शेवटच्या पट्ट्यात दबून बसतात आणि एकदम उसळून बाहेर येतात. चन्नव्वानं वनखात्याची परवानगी काढली. जन्मात मांसाला शिवली नसली, तरी सासऱ्याची दुनळी बंदूक चालवायला ती नवऱ्याकडून शिकली होती. बंदुकीच्या परवान्यावर वीरण्णाचंही नाव होतं, म्हणून बिदरहून काडतुसं त्यानं आणली.

तिनं एक काडतूस उजेडात धरलं. वर चारचा आकडा. चार नंबर म्हणजे आत ज्वारीएवढे छर्रे; आकडा जितका मोठा, तितका छर्रा बारीक. त्यानं तितर पडतो. डुक्कर नुसतं चवताळतं आणि माणसाच्या अंगावर येतं. डुकराला एल.जी. लागतं, हरभऱ्याएवढ्या दाण्यांचं. बंदूकवाल्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळत नसेल? याला आपला काटा काढायचाय, दुसरं काय!

"भावजी, एवढ्यानं डुक्कर पडंल?"

"पडंल की वैनी. चांगलं बघून आणलंय."

"मग उद्या फडाच्या तोंडाला तुमीच थांबा. मी तुमच्याच काडतुसानं मारते."

आता हा काहीतरी निमित्त सांगेल म्हणून ती त्याचं तोंड न्याहाळत राहिली.

"व्हय, थांबतो की," म्हणत वीरण्णानं चहा मागितला.

सकाळी ती फडाच्या तोंडाशी लावलेल्या उसाच्या ट्रॉलीवर चढली. बंदुकीत चार नंबरच भरलेलं. नवऱ्यानं ठेवलेली दोन एल.जी. कमरेच्या पिशवीत होती. दिराचं पितळ उघडं पडलं, तो पळाला, की ती भरायची असा तिचा बेत.

तोडकरी बाजूला झाले. ऊस हलायला लागला. वीरण्णा काठी घेऊन, तिच्याकडे पाठ करून, ढिम्म उभा.

"पळ की रे मुडद्या," ती पुटपुटली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की याला खरोखरच काही ठाऊक नाही. तिनं बंदूक दुमडली, आतली काडतुसं उपसून खाली टाकली, एल.जी. कोंबली. तोवर डुक्कर बाहेर आलं होतं. तिनं चाप ओढला. डुक्कर वीरण्णाच्या पायाशी कोसळलं.

"बघा!" वीरण्णा हरखून गेला. "दुकानदार एल.जी. देत हुता. म्या म्हणलं, त्याच्यावर नंबरच न्हाई. दोन हाय, चार हाय, त्यातलं मोठं दे."

चन्नव्वाला रडू फुटलं. बंदूक उघडताना रिकामं काडतूस खाली घरंगळलं. वीरण्णानं ते कौतुकानं उचललं आणि त्यावरचं 'एल.जी.' वाचलं. मग ट्रॉलीखाली पडलेली चार नंबरची दोन काडतुसं त्यानं बघितली.

"वैनी, मला फडाच्या तोंडाला उभं केलं तवा बंदुकीत काय हुतं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीरण्णा अजूनही तिच्या उसाला येतो, राबतो. फड तुटताना मात्र तो ट्रॉलीच्या मागं थांबतो. आणि तिनं चहा पुढं केला की कप हातात धरून म्हणतो, "वैनी, आधी तुमी घ्या."