काका आणि धुराचा मीटर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या देशात दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याचं कसं होत असेल याचीही काळजी काका या क्षणी करत असतील. बँकेने माझी बदली कोलकात्याला केली आणि मी बेहालातल्या या इमारतीत राहायला आले, तेव्हा माझं सामान अजून जिन्यातच होतं. एप्रिलच्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ वरून उतरले. मी कोण, कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. गॅसचा सिलिंडर टेम्पोतून उभा आणला की आडवा, एवढंच विचारलं, तेही हिंदीत. मी वैतागून मराठीत काहीतरी पुटपुटले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मराठी का? बरं झालं," ते म्हणाले. "रात्री-अपरात्री तुम्ही ओरडलात, तर नेमकं काय झालंय ते आम्हाला कळेल." कोलकात्यात माझं स्वागत हे असं झालं.

काका एका सरकारी कंपनीत इंजिनिअर होते. उमेदीत बदली होऊन इथे आले आणि निवृत्त झाल्यावरही परत गेले नाहीत, कारण परतीच्या प्रवासाची काळजी वाटत होती. त्यांचा विश्वास माणसांवर नाही, मीटरवर. घरात भिंतीवर हवेचा दाब सांगणारं यंत्र, फ्रिजमध्ये थर्मामीटर, मेन स्विचजवळ व्होल्टेजचा काटा. एकदा मला ताप आला तर दोन थर्मामीटर घेऊन खाली आले. दोघांचं एकमत होईना, तेव्हा तिसरा आणायला परत वर गेले. तोवर माझा ताप उतरला होता, पण ते त्यांना पटवून देता देता पुन्हा चढला असावा. चहा गार झाला असं काकू म्हणाल्या, तर कपात बोट घालून बघण्याऐवजी हा माणूस ड्रॉवर उघडतो. काकू मात्र अगदी उलट. ठेंगण्या, गोलसर, हसऱ्या. मासळी खात नाहीत, पण मासळीवालीशी अस्खलित बंगालीत तासभर गप्पा मारतात. त्यांना दमा आहे. "कसं वाटतंय?" असं काकांनी त्यांना कधी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. ते नुसतं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पुढे करत. काकूही एका हाताने पोळी लाटत दुसऱ्या हाताचं बोट त्यात देत, आणि आकडा बघून काका समाधानाने किंवा असमाधानाने निघून जात.

या आकड्यांच्या वेडाला एक दुखरं कारण होतं, ते मला नंतर कळलं. त्यांच्या घरचा गणपती दर वर्षी कुमारटुलीहून येतो. तिथल्या मूर्तिकाराला काकू आधीच जाऊन सांगून येतात की सोंड डावीकडे हवी आणि डोळे दुर्गेसारखे कानापर्यंत नकोत. मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका आपली जुनी गाडी काढतात. काकू पुढे बसून तोंडावर रुमाल घातलेली मूर्ती मांडीवर घेतात, टेपवर आरत्या लावतात आणि गणपती गाजतवाजत बेहालापर्यंत येतो. मी यायच्या आदल्या वर्षी हावडा पुलाच्या तोंडाशी गाडी अडकली होती. गाडीला सवय होती पेट्रोल जास्त प्यायची आणि अर्धवट जाळायची. तो वास आत भरला आणि काकूंचा श्वास कोंडला. गणपती घरी आला, पण काकू हॉस्पिटलात गेल्या. त्यानंतर काकांनी त्यांना त्या गाडीत पाऊल ठेवू दिलं नाही. टॅक्सीतही नाही, कारण टॅक्सीतल्या अत्तराच्या डबीनेही त्यांना खोकला येतो. पुढच्या वर्षी काका एकटेच जाऊन मूर्ती घेऊन आले, सीटच्या पट्ट्यात बांधून. दारात औक्षण करताना काकू एवढंच म्हणाल्या की बाप्पा यंदा पार्सलने आले.

हे वाक्य काकांना वर्षभर टोचत राहिलं. गाडी विकायचं त्यांच्या मनात येईना आणि मेकॅनिकवर भरवसा बसेना, कारण मेकॅनिक कान देऊन इंजिन ऐकतो आणि "ठीक आछे" म्हणतो. कानाला काय कळतंय? शेवटी त्यांना एका यंत्राचा शोध लागला. धुराच्या पाइपात बसवायचा ऑक्सिजन सेन्सर, तोसुद्धा वाइडबँड. म्हणजे साधा सेन्सर पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगतो, हा नेमकं किती ते आकड्यात सांगतो. आकडा चौदा पूर्णांक सात असला की हवा आणि पेट्रोलचं प्रमाण चोख. खाली घसरला की पेट्रोल जास्त, म्हणजे वास, म्हणजे काकूंची छाती. काकांनी हे मला जिन्यात उभं राहून समजावलं. मी हो म्हटलं. त्या होकारापायी पुढचा सगळा पावसाळा टॉर्च धरून गाडीखाली वाकण्यात जाईल, हे कोणी सांगितलं असतं तर मी बदलीच रद्द करून घेतली असती.

सेन्सरसाठी पाइपाला भोक पाडून त्यावर आट्यांची कडी वेल्डिंगने बसवावी लागते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्याने हे काम चहा थंड व्हायच्या आत केलं असतं. काकांमुळे दुपार गेली. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढली का, हे त्यांनी इतक्या वेळा विचारलं की त्याने ती तार काकांच्या हातातच दिली. भोक पाइपाच्या वरच्या बाजूला तिरपं हवं, नाहीतर साचलेलं पाणी सेन्सरवर येऊन तो तडकेल, म्हणून काका खडूने खूण करत, ती पुसत, पुन्हा करत. गॅरेजवाला प्रत्येक वेळी तेच म्हणे, "टेन्शन नेबेन ना, मेशोमोशाय." टेन्शन घेऊ नका, काका, हे ऐकून काकांचं टेन्शन दुप्पट होतं, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पाइपात बसवण्याआधी हा सेन्सर मोकळ्या, स्वच्छ हवेत तापवून त्याला चांगली हवा म्हणजे काय ते शिकवावं लागतं. कोलकात्यात स्वच्छ हवा कुठून आणायची? काकांनी आधी गच्ची निवडली. बॅटरी वर नेली, तारा जोडल्या, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या बौदी, म्हणजे वहिनी, संध्याकाळचा धुनो घेऊन घरभर फिरत गच्चीवर आल्या. धूप आणि नारळाच्या शेंडीचा धूर पाहून काका मटकन खाली बसले. सेन्सर आता जन्मभर धुनोलाच हवा समजेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून रविवारी सकाळी आम्ही बॅटरी, तारा आणि सेन्सर पिशवीत घालून हावड्याच्या लाँचवर निघालो, कारण नदीच्या मधोमध वारा असतो. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली. आत बॅटरी, त्यातून निघालेल्या लाल-काळ्या तारा, आणि वर घामाने डबडबलेले काका. मला तिथल्या तिथे नोकरी, पेन्शन, आईवडील, सगळं आठवलं. हे काय आहे, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, ऑक्सिजनचं यंत्र आहे. पहारेकऱ्याचा चेहरा मऊ झाला आणि त्याने पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं. इथे कोणीही गप्प बसलं असतं. काकांना खोटं बोलण्याचीही काळजी वाटते. "पेशंट घर में है," ते म्हणाले, "लेकिन लगाना गाड़ी को है." मी मधे पडून बँकेचं ओळखपत्र दाखवलं, पुष्कळ बोलले, आणि शेवटी आम्हाला वेडे ठरवून त्याने सोडलं. नदीच्या मधोमध सेन्सर तापला, त्याला हवा कळली, आणि काकांनी नदीला नमस्कार केला.

मग तारा. सेन्सरला सतत तापतं ठेवायला वीज लागते, आणि ती किल्ली फिरवल्यावरच मिळायला हवी, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. काकांनी बराच विचार करून टेपची तार निवडली. टेप गणपतीशिवाय लागत नव्हता आणि काकू गाडीत बसत नसल्याने दोन वर्षं मुकाच होता. तापलेल्या पाइपापासून तारा लांब ठेवायला त्यांनी त्या इतक्या ठिकाणी बांधल्या की गाडीने जानवी घातल्यासारखं दिसत होतं. पुढचे कित्येक दिवस ते कार्ब्युरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचे आणि मी आत बसून आकडा ओरडायचे. बारा. साडेबारा. तेरा. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी तो चौदाच्या वर जाऊन थांबला. काका तडक वर गेले आणि काकूंना म्हणाले की मंगळवारी मूर्ती आणायला यायचं का. काकूंनी ठेवणीतली साडी इस्त्रीला दिली.

त्या दिवशी मागच्या सीटवर मी ताम्हन आणि काकूंचं औषध घेऊन बसले होते. येताना काकूंच्या मांडीवर रुमालाखाली गणपती, डॅशबोर्डवर हिरवा आकडा, आणि काकांचे डोळे रस्त्यावर कमी, आकड्यावर जास्त. हावडा पुलाच्या तोंडाशी गर्दीने आम्हाला पुन्हा गाठलं. तीच जागा, तेच बसचे भोंगे. काकांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. आणि तेवढ्यात काकूंनी सवयीने हात पुढे करून आरत्यांची टेप लावली. पहिलं कडवंही पुरं झालं नाही. फ्यूज जुना, त्यावर भार टेप आणि सेन्सर दोघांचा, तो उडाला. टेप गप्प झाला आणि आकडाही विझला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सेन्सर थंड असताना इंजिन चालू ठेवलं तर तो काजळून मरतो, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. इंजिन बंद करावं, तर तापलेली गाडी पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, मागून बस अंगावर येतेय आणि पुढून पोलिस हाताने पुढे व्हा म्हणतोय. काकांनी खिसा चाचपला. ऑक्सिमीटर घरीच राहिलं होतं. बघायला एकही आकडा नाही, असं त्या माणसाच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच होत होतं. त्यांनी मान वळवली आणि अगदी हळू, चाचरत विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

काकूंनी एक मोठा श्वास घेतला, सोडला. माझा मात्र अडकलेलाच होता. "वास येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटतंय. चला तुम्ही." काकांनी गिअर टाकला. बेहालापर्यंत ते प्रत्येक सिग्नलला विचारत होते आणि काकू प्रत्येक वेळी सांगत होत्या. चौथ्या-पाचव्या वेळी तर त्या हसूच लागल्या. आरती मग आम्ही तोंडानेच म्हटली. काका बेसूर गातात, हे मला तेव्हा कळलं.

सेन्सर मेला. काकांनी तो काढून त्या भोकाला बोल्ट मारला आणि टेपला नवा फ्यूज घातला. दुसरा सेन्सर मागवत का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. ती सांगते ना." डॅशबोर्डवर तो मीटर अजून आहे, काळा, विझलेला. काकू अधूनमधून पदराने त्यावरची धूळ पुसतात.

आता माझी सांगलीला बदली झाली आहे. काल खोकी बांधत होते, तेव्हा काका खाली आले आणि दारातच उभे राहिले. सिलिंडरचा प्रश्न येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते मफलरशी चाळा करत म्हणाले, "कसं वाटतंय गं, जायला?" बरं नाही वाटत काका, एवढंच मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, खोक्यांकडे पाहिलं, आणि जिना चढता चढता पाठमोरेच म्हणाले की सिलिंडर मात्र उभाच ने.