काळ्या झाकणाची डबी

पुण्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा तारा जास्त होत्या. शेजारच्या गृहस्थांनी त्या पाहून, टीव्ही दुरुस्त करता का, असे विचारले. मी हो म्हणून मोकळा झालो. खरे कारण सांगायचे तर विनायकबद्दल सांगावे लागले असते, आणि भर बसमध्ये ते मला जमले नसते.

विनायक माझा कॉलेजपासूनचा मित्र. गेल्या वर्षी कॅन्सरने गेला. त्याच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलता येत नाही. त्यांच्यासाठी त्याने चार बटणांची एक डबी केली होती. बटण दाबले की विनायकच्या आवाजात एक वाक्य ऐकू येई: पाणी द्या, भूक लागली, दिवा लावा, बाहेर बसायचंय. आता ती डबी अडखळू लागली होती. त्याच्या बायकोने, वैशाली वहिनींनी, फोनवर एवढेच सांगितले, "भाऊजी, ती बंद पडायच्या आत या."

नेवासा फाट्यावर चहा झाला. वाळूजचे कारखाने मागे पडले आणि छत्रपती संभाजीनगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन रणरणत होते. थेट घरी जायची छाती झाली नाही, म्हणून रिक्षावाल्याला आधी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या विनायकच्या शेडवर न्यायला सांगितले. शेडच्या दाराशी पुठ्ठ्याची थप्पी लागली होती. तिथल्या माणसाने मला आपादमस्तक न्याहाळले. "ते सर गेले ना. इथं आता खोकी बनतात," तो म्हणाला.

याच शेडमध्ये विनायक शेतीपंपांचे टायमर आणि शाळांच्या घंटांची सर्किटे करायचा. चिप वापरायचा ती चहाच्या किमतीत मिळणारी, आणि तिचा आराखडा कुणाच्याच मालकीचा नाही, कुणीही घ्यावा, सुधारावा अशी. आतला प्रोग्राम तो कधी कुलूपबंद करत नसे. प्रत्येक डबीला झाकण पारदर्शक. आत काय आहे ते वापरणाऱ्याला दिसलेच पाहिजे, हा त्याचा हट्ट. मी कंपनीत नोकरीला, तिथे सगळेच कुलपात. मला तो चारचौघांत कुलूपवाला म्हणून हाक मारायचा.

घर पलीकडच्याच वस्तीत. वहिनींनी आधी जेवायला बसवले: भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेली धान्ये आणि मसाले दळून केलेले पीठ). ती आमटी मी विनायकबरोबर कितीदा ओरपली होती. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर डबी, आणि शेजारच्या स्टुलावर पाण्याने भरलेले तीन-चार ग्लास. त्यांनी बटण दाबले. विनायक अडखळत म्हणाला, "मला पा... पाणी द्या." माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

वहिनी उठून आणखी एक ग्लास ठेवून आल्या. पीत नाहीत, असे त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. दिवसभर तेच बटण दाबतात, पण ग्लासाला हात लावत नाहीत.

जेवण झाल्यावर वहिनी भांडी घासायला आत गेल्या आणि मी अण्णांसमोरच टेबल ओढले. डबीचे झाकण काळे होते. विनायकची डबी आणि काळे झाकण? मला नवल वाटले, तरी सवयीने स्क्रू काढलेच. आत डाळीच्या दाण्याएवढी चिप आणि छोटा स्पीकर. अण्णा पुढे वाकले. त्यांनी चांगल्या हाताच्या बोटाने चिपला स्पर्श केला, मग तारांखाली, मग डबीच्या रिकाम्या कोपऱ्यात बोट फिरवले. त्यांना गंमत वाटत असेल, असे समजून मी कामाला लागलो.

चिप लॅपटॉपला जोडली तर कुलूपबंद निघाली. कुलूप काढल्यास आतले सगळे पुसले जाईल, अशी सूचना पडद्यावर आली. मी तार झटकन उपटली. जन्मभर मला चिडवणाऱ्याने हे करावे, याचा मला थोडा रागच आला. शेवटी स्पीकरच्याच तारा लॅपटॉपला जोडून पुन्हा पुन्हा बटणे दाबून आवाज रेकॉर्ड केला, जिथे तुटला नाही तेवढा निवडला आणि बरोबर आणलेल्या नव्या चिपमध्ये भरला. नव्या डबीला त्याच्या आवडीचे पारदर्शक झाकण लावले आणि ती अण्णांच्या हाती दिली.

त्यांनी बटण दाबले. आवाज स्वच्छ आला. वहिनी आतून ग्लास घेऊन आल्या. अण्णांनी तो घेतला आणि पाणी पिऊन टाकले. मग जुनी डबी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

वहिनी रिकाम्या ग्लासाकडे पाहतच राहिल्या.

"भाऊजी, डबी त्यांच्यासमोर उघडलीत?"

मी होकारार्थी मान हलवली.

"यांनी मुद्दाम काळं झाकण लावलं होतं. म्हणायचे, आत काय आहे ते अण्णांना दिसायला नको, मीच बोलतोय असं वाटू दे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल." आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

परतीच्या बसमध्ये ती जुनी डबी मांडीवर होती. विनायकने आयुष्यात एकच गोष्ट झाकून ठेवली होती आणि ती मी उघडली. दुसरे काहीच मनात येत नव्हते.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. अण्णा आता तहान लागली तरच बटण दाबतात आणि ग्लास रिकामा परत येतो, असे त्या म्हणाल्या. कामाच्या दृष्टीने दुरुस्ती उत्तम झाली होती.

जुनी डबी माझ्या टेबलावर आहे. काळे झाकण मी पुन्हा घट्ट बसवले आहे. परवा बटण दाबले. विनायकने अडखळत पाणी मागितले. मी उठलो, ग्लास भरून आणला आणि डबीशेजारी ठेवला.