डब्याच्या बुडावरचा पासवर्ड

पासवर्ड भांड्यावर कोरून घेणारा मी बजाजनगरातला पहिलाच माणूस असेन.

त्याचं असं झालं. आमच्या कंपनीत सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. (नाश्ता होता, म्हणून सगळे हजर!) व्याख्याते म्हणाले, "पासवर्ड लांब ठेवा, नावं-वाढदिवस टाळा, कागदावर लिहून ठेवू नका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नका." माझा पासवर्ड होता मुलीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. मला दरदरून घाम फुटला. घरी आलो आणि सोळा अक्षरांचा असा पासवर्ड तयार केला, की टाइप करून झाल्यावर पहिलं अक्षर मलाच आठवेना. आता हा ठेवायचा कुठं? कागद नको, मोबाईल नको. माझी नजर मांडणीतल्या लग्नातल्या पातेल्यावर गेली. त्यावर माझ्या मावशीचं नाव सव्वीस वर्षांनंतरही ठणठणीत होतं!

दुसऱ्या दिवशी गुलमंडीत गेलो, झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला आणि नाव घालणाऱ्या चाचांपुढं चिठ्ठी ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"साहब, ये किसका नाम है?"

"नाव नाय. नुसतं घाला."

"और ये बीच में जिलबी?" त्यांनी @ या चिन्हावर बोट ठेवलं.

"ती पण घाला!"

"सप्रेम भेट किसकी तरफ से लिखूं?"

"कुणाकडून नको! आणि बुडाला घाला. दिसलं नाही पाहिजे."

चाचांनी माझ्याकडं फार दयेनं बघितलं. पण काम सुरेख केलं. डबा मी डाळीच्या बरण्यांमागं लपवला आणि गुप्तता म्हणून घरात कुणालाच सांगितलं नाही. शिवाय मेल पाहून झाला की मी लगेच लॉग आउट करायचो आणि पुन्हा लागला की डब्यावर बघून टाकायचो. शिस्त म्हणजे शिस्त!

मग तो दिवस उगवला. प्राजूला, म्हणजे आमच्या मुलीला, आर्किटेक्चरला इथंच शहरात जागा मिळाली होती. दोन वर्षं पोरीनं दुसरं स्वप्न बघितलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत साइटवर जागा स्वीकारायची, नाहीतर ती पुढच्याला जाणार. साइटचा कोड यायचा तो माझ्या मेलवर. दुपारपर्यंत साइटच उघडत नव्हती. साडेतीनला उघडली.

"पप्पा, मेल उघडा ना."

"एक मिनिट हं," असं मी मोठ्या रुबाबात म्हणालो, स्वयंपाकघरात गेलो आणि बरण्या बाजूला सारल्या. मागं नुसती भिंत!

"सुनीता!" मी बायकोला हाक मारली. "इथला डबा कुठंय?"

"तो नवा व्हय? घुगे वहिनींकडं धपाटे दिले की त्यातून, परवा."

"अगं, त्यात पासवर्ड होता!"

"काय बी नव्हतं त्यात. मी पुसून घेतला आतून."

"आत नाय, बुडाला!"

सुनीतानं कपाळावर हात मारला. प्राजूनं "पासवर्ड विसरलात?" वाल्या जागी बोट दाबलं, तर ते म्हणालं, नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवलाय. तो नंबर मी दोन वर्षांपूर्वी बंद केला होता. पोरीनं मोबाईलवरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं!

मी चपला न घालताच शेजारी घुगे वहिनींकडं पळालो.

"डबा? भावजी, धाडणारच व्हते," वहिनी म्हणाल्या, "पण रिकामा कसा द्यायचा? म्हनलं शेंगदान्याची चटणी कुटून देऊ. तेवढ्यात शेख भाभीला लोणचं द्यायचं निघालं, मंग त्यातच दिलं."

चार वाजून पाच मिनिटं. समोरच्या शेख भाभींच्या दारात आम्ही चौघं: मी, सुनीता, घुगे वहिनी आणि (काय झालं ते कळलं पाहिजे म्हणून) त्यांच्या सासूबाई.

"हाँ, वो डिब्बा!" भाभी म्हणाल्या. "नीचे कुछ लिखा है ना? मैं समझी आपके गाँव का नाम होगा. उसमें सालन भर के आज ही आपा को भेजी ना मैं."

"आपा, म्हणजे तुमची मोठी बहीण ना? कुठं राहतात?"

"गुलमंडी के पीछे."

म्हणजे डबा जिथं जन्मला तिथंच परत! तिथं जाऊन यायचं तर पाच केव्हाच वाजून जाणार. तेवढ्यात सुनीता म्हणाली, "अवं, जाता कशाला? फोन लावा की!"

भाभींनी फोन स्पीकरवर टाकला. "आपा, जरा डिब्बा उलटा करके देखो, नीचे क्या लिखा है!"

"उलटा करूं? सालन है अंदर!"

"नको!" आम्ही पाचही जण ओरडलो.

सालन, म्हणजे रस्सा, पातेल्यात ओतेपर्यंत सहा मिनिटं गेली. तेवढ्यात कळलं, की आपांनी डबा तसाच गॅसवर ठेवून गरम केला होता आणि बूड काळंकुट्ट झालं होतं. "घासो, आपा, जोर से घासो!" भाभी ओरडत होत्या. पलीकडून तारेच्या घासणीचा खरखर आवाज येत होता आणि इकडं मी माहीत असलेल्या सगळ्या देवांची नावं घेत होतो.

अखेर वाचन सुरू झालं. आपा फोनवर सांगायच्या, भाभी गॅलरीतून मोठ्यानं म्हणायच्या, घुगे वहिनी फाटकातून तेच आमच्या खिडकीकडं फेकायच्या आणि आत प्राजू टाइप करायची.

"बडा के!"

"मोठा के गं, प्राजू!"

"उसके बाद जिलबी!"

"जिलबी टाक!"

पहिल्यांदा चुकलं. तीन आहे की आठ, यावर गल्लीत दोन तट पडले. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "आठ टाक पोरी, आठच आसंल." (त्यांना आकडा दिसलेला नव्हता. दिसणार कुठून?) प्राजूनं आठ टाकला.

चार त्रेपन्नला आतून किंकाळी आली. "उघडलं!" मग कोड, मग बटण, मग "जागा स्वीकारली" अशी हिरवी ओळ. मी तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर बसलो आणि चक्क रडलो. इतकं हलकं मला तिच्या जन्माच्या दिवसानंतर कधी वाटलं नव्हतं. शेख भाभी पाणी घेऊन आल्या, घुगे वहिनींनी मूठभर साखर आणली, आणि प्राजू येऊन गळ्यात पडली तेव्हा तर मी सगळं जग माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर घुगे वहिनींच्या सासूबाई जप म्हणावा तशा आमचा पासवर्ड पुटपुटत होत्या. एका अक्षराची चूक नाही! मी तसाच मागं फिरलो आणि प्राजूला उठवलं.

तिनं दहा मिनिटांत नवा पासवर्ड घातला, नवा नंबर जोडला, कोडही स्वतःच्या मोबाईलवर यायची सोय केली. मी वही-पेन घेऊन शेजारी बसलो होतो.

"हं, सांग. काय ठेवलास?"

तिनं लॅपटॉप मिटला आणि प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पप्पा, मेल तुमचाच आहे. काही बघायचं असलं तर मला विचारत जा."