माझी सायकल वाजते कुठून?

सायकलमधून काढता येण्यासारखं जे जे होतं ते सगळं मी काढलं. आवाज तेवढा निघाला नाही.

सायकल आमच्या चिरंजीवांची. ते नोकरीसाठी बंगळूरला गेले आणि मागं गंजलेल्या गिअरची सायकल ठेवून गेले. मी मोबाईलवर एका दाढीवाल्या परदेशी गृहस्थाचे व्हिडिओ बघितले, सगळे गिअर उपटले आणि मागच्या चाकाला एकच चक्र बसवलं. आता गिअर नाही, वायर नाही, भानगड नाही! (उरलेले सुटे भाग एका डब्यात आहेत. ते कशाचे, हे मला विचारू नये.)

यात हौस होतीच, पण कारणही होतं. माझ्या बायकोचा, सुनंदाचा, गुडघा धरला होता. जिना उतरताना ती कठडा धरून एकेक पायरी उतरायची. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी सायकल चालवा. भाचीची सायकल आणली, पण बाईसाहेब एकट्या निघायला तयार नाहीत.

"ह्या वयात सायकल? सगळी गल्ली बघत बसंल की!"

"मी येतो की संगं. गुपचूप रंकाळ्यावर जाऊ, गुपचूप परत येऊ."

"गुपचूप म्हंजे गुपचूप हं!"

पहिल्याच सकाळी मी पायडल मारलं आणि... कर्र! कर्र! कर्र! समोरची खिडकी उघडली. शेजारची उघडली. कोपऱ्यावरचं कुत्रं उठून बसलं. सुनंदानं सायकल तिथूनच वळवली.

"आधी त्यो आवाज बंद करा. मग बघू."

म्हणजे आता प्रश्न सायकलचा नव्हता, गुडघ्याचा होता! मी पान्हा घेतला आणि सायकल दारात उलटी केली.

आमच्या गल्लीत कुणी दारात सायकल उलटी केली की 'काय झालंय?' असं विचारायला माणसं जमतात, आणि उत्तर न ऐकताच उपाय सांगतात. पहिले आले म्हशीवाले बाजीराव पैलवान.

"साखळी ढिली हाय, आण्णा! गिअर काढल्यावर तिला ताण देणार कोण? वडा चाक मागं!"

ओढलं. साखळी अशी ताणली गेली की पायडल फिरवायला पैलवानच लागले. मी कशीबशी चक्कर मारली. आवाज तसाच.

मग रिक्षा बाजूला लावून रफिकभाई आले. "ताण न्हाय वो, लाईन बघा लाईन! म्होरचं चक्र ह्या गल्लीत, मागचं त्या गल्लीत. साखळी तिरकी पळतीया."

वॉशर इकडचे तिकडे केले. साखळी सरळ झाली. आवाजही सरळ येऊ लागला! मग तेल ओतलं. माझी पँट, पैलवानांचा लेंगा आणि कोपऱ्यावरचं कुत्रं एवढं तेलकट झालं, पण कर्र काही थांबेना.

खरी गंमत पुढंच. हातानं पायडल फिरवलं तर सायकल गप्प. रफिकभाईंनी चक्कर मारली तरी गप्प. मी बसलो की कर्र!

"आण्णा, वजन वाढलंय तुमचं," रफिकभाई हळूच म्हणाले.

म्हणून पैलवानांना बसवलं. (त्यांच्यात माझ्यासारखे दोन मावतात.) टायर पार बसले, पण सायकल हूं की चूं नाही. मी पुन्हा बसलो. कर्र!

"तुमचा आन् हिचा कायतरी वाद हाय बघा," पैलवान गंभीरपणे म्हणाले. "लिंबू-मिरची बांधा."

मी बांधली! शिकलेला माणूस कुठवर जातो बघा.

एवढ्यात सुनंदा सगळ्यांना चहा घेऊन आली. कप देता देता तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

"अवो, पायातली चप्पल काढा आन् चालवा बघू."

"चप्पल? का?"

"काढा म्हंते न्हवं!"

अनवाणी पायांनी चक्कर मारली. ना कर्र, ना कुर्र!

सायकलवर ऐटीत बसायचं म्हणून मी कोल्हापुरी पायताण नवं करून घेतलं होतं. कर्रकर्र वाजावं म्हणून त्याच्या तळात मुद्दाम विंचू, म्हणजे ते वाजणारं वाळकं बी, भरून घेतला होता. (पहिल्यांदा कमी वाजलं, म्हणून परत नेऊन पुन्हा भरून आणला!) दिवसभर ते माझ्या पायात वाजत होतं, पण पायताण वाजणं हा बिघाड आहे, हे आमच्याकडं कुणाच्या डोक्यात येणार? न वाजणं हाच बिघाड!

गल्ली पोट धरून हसली. पैलवान तेवढे चप्पल हातात घेऊन वाकवून बघत होते. "पर वाजतीया झ्याक! कुठं करून घेतलीसा?"

दुसऱ्या दिवशी मी कापडी बूट घालून निघालो. आवाज खरंच गेला का, हे ऐकायला सगळी गल्ली दारात उभी! सायकल वाजेना. ऐकण्यासारखं काही उरलं नाही, तसे सगळे डोळे वळले सुनंदाकडं. ती लाजून लाल झाली आणि तडक घरात गेली. संपलं, मी मनात म्हटलं. गुडघा राहिला तो राहिलाच.

पण ती लगेच बाहेर आली. हातात माझी चप्पल.

"ही घाला. आन् तुमी म्होरं व्हा."

मी घातली. कर्र! कर्र! कर्र! गल्ली माझ्या पायांकडं बघून खो खो हसायला लागली, आणि माझ्या मागून सुनंदा कुणाच्या नजरेत न येता आरामात निघाली. रंकाळ्यावर पोचलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की मला गल्लीतल्या प्रत्येकाच्या पाया पडावंसं वाटलं. पैलवानांच्यासुद्धा!

तेव्हापासून आम्ही रोज जातो. आता ती जिना भराभर उतरते, आणि मी दारात चप्पल घालून तयार असतो. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कटकटीचा तिला उपयोग झाला, तो हा पहिल्यांदाच!