काट्यावरची कट्टी

आर्णीच्या आमच्या दवाखान्यात मंगळवार म्हणजे शुगरवाल्यांचा. मी तिथली नर्स, वजनकाटा माझ्या ताब्यात. इतक्या वर्षांत एवढे किस्से साठलेत, की तेच काट्यावर ठेवले तर काटा मोडेल!

*

काट्यावर चढण्याआधी लोक काय काय उतरवतात! तांड्यावरचे राठोडकाका चपला, रुमाल, मोबाइल, अडकित्ता, सगळं टेबलावर मांडतात. एकदा तर दातांची कवळी काढून माझ्या हातात दिली.

"थे डॉक्टरनं देल्ली, बाई. माह्या वजनात कायले धरता?"

*

तरी काटा ब्याण्णवच दाखवायचा. काका कापूसवाले. ओलावा-कचऱ्यापोटी व्यापारी वजनातून किलो-दोन किलो कापतो, त्याला कट्टी म्हणतात. काका म्हणाले, "कापसाले कट्टी लावतेत, मंग मले काहून नाही? दोन किलो तं पानीच असन!"

मी म्हटलं, "काका, इथे कट्टी नाही. हृदयाला पूर्ण वजन ओढावं लागतं. त्यात तुम्हाला शुगर. झटका काही सांगून येत नाही."

काकांनी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पावशेर तरी?"

*

आमच्या डॉक्टर सरांनी काकांना खाल्लेलं सगळं वहीत लिहायला सांगितलं. महिनाभराची वही पाहून सर खूश! भाकरी, वरण, मेथी. पण वजन तसूभर हललं नव्हतं.

मी विचारलं, "काका, या महिन्यात लग्नं किती झाली?"

"सात."

"मग त्यातलं एकही जेवण वहीत नाही!"

"लोकाच्या घरचं माह्या वहीत कायले लिहू?"

*

हलीमभाई मेकॅनिक. रोज चाला म्हटलं, तर म्हणे, "दुकान छोड के कहाँ जाऊं, सिस्टर?" तीन महिन्यांनी आला तो पाच किलो उतरून! कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली की स्वतः जायचा आणि ढकलत गॅरेजला आणायचा.

"कोई कोई तो रास्ते में ही चालू हो जाती है," तो म्हणाला, "पर मैं बताता नहीं!"

*

आता माझं सांगते. शुगर मलाही आहे. माझा भाऊ असाच अंगानं भारी, शुगरवाला, हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून मी स्वतः काट्यावर चढलेच नव्हते. लोकांना शहाणपण शिकवायचे, पण आकडा बघायची मला भीती वाटायची.

गेल्या मंगळवारी काका चौऱ्याऐंशी भरले. काट्यावरून उतरले आणि म्हणाले, "बाई, आता तुमी चढा."

मी हसण्यावारी नेलं. काका हलेनात. मागे रांगेत हलीमभाई होता, तोही म्हणाला, "चढो, सिस्टर, हम भी तो चढते हैं!" बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी चपला काढल्या. घड्याळ काढलं. मग बांगड्या, केसातला चाप. चढले आणि डोळे मिटून घेतले.

"काका, थोडी कट्टी धरा ना!"

काकांनी वाकून आकडा पाहिला. माझाच पेन घेऊन तो कागदावर लिहिला.

"हृदयाले पुरं वढा लागते, बाई," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "जा, पावशेर सोडला!"