पाठीला लागून गोल

चेंडू माझ्या पाठीवर आदळला आणि थेट गोलमध्ये गेला. मी रेफरी होते.

सेरंगूनच्या टीमला काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. मग सगळे एकदम नाचायला लागले. त्यांचे कॅप्टन लेले दोन्ही हात पसरून मला मिठी मारायला धावत आले. माझ्या तोंडातली शिट्टी दिसली तसे अर्ध्या वाटेत थांबले.

मी शिट्टी वाजवली. गोल नाही.

सोमवार ते शुक्रवार मी एका बँकेत ऑडिट करते. रविवारी इथल्या हौशी फुटबॉल लीगमध्ये रेफरी असते. हौशी लीग म्हणजे ऑफिसं सांभाळून खेळणाऱ्यांची. इथे कॅमेऱ्यात बघून निर्णय बदलता येत नाही. लाइनवर झेंडा घेऊन उभे राहणारे मदतनीसही दर सामन्याला मिळत नाहीत. एकटी मी आणि माझी शिट्टी. "रविवारच्या मॅचला काय, रेफरी कसाही चालतो," असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी भांडते. सगळा आठवडा ज्या एका मॅचची वाट पाहिली, ती कोणी कशीही का खेळवावी?

त्या दिवशी असेसरही आले होते. असेसर म्हणजे आमचा परीक्षक. मिस्टर लिम हे जुने रेफरी, छत्री उघडून, स्टूल टाकून लाइनीबाहेर बसले होते. मला वरची ग्रेड द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी चेंडूच्या वाटेत उभी होते. पेनल्टी एरियात दोघं एकमेकांचा शर्ट ओढत होते, ते बघायला मी आत घुसले आणि तिथेच फसले.

आता लेल्यांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या टीमने त्या सीझनमध्ये एकही गोल केला नव्हता. एकही नाही. पहिल्या गोलला पेढे वाटायचे म्हणून त्यांची बायको वैशाली दर रविवारी लिटल इंडिया या इथल्या भारतीय वस्तीतून ताजे पेढे आणायची आणि बर्फाच्या पिशवीत ठेवून मैदानाकडेला बसायची. दर रविवारी डबा न उघडता घरी जायचा. सगळ्या लीगला हे माहीत होतं. हा सीझनमधला शेवटचा सामना होता. लेल्यांची बदली झाली होती, त्याच आठवड्यात ते कायमचे पुण्याला निघाले होते. सेम्बावांगची टीम पाच गोलांनी पुढे होती आणि मिनिटं थोडीच उरली होती.

"अहो ताई," लेले कळवळून म्हणाले, "मी चाललोय हो शुक्रवारी!"

"लेले, इथे मी रेफरी. आणि इंग्रजीत बोला."

हे मी मुद्दाम म्हणाले. दोन मराठी माणसं मैदानात मराठीत कुजबुजली की बाकीच्यांना वाटणारच, काहीतरी शिजतंय. पण मनातून मला फार वाईट वाटलं. एका पेढ्यासाठी सुद्धा वाटलं.

सेम्बावांगचा गोलकीपर हाफिझ, दाराएवढा माणूस, तोसुद्धा इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "रेफ, गिव्ह लाह! वन गोल ओन्ली."

"कॅनॉट."

नियम साधा आहे. चेंडू रेफरीला लागून गोलमध्ये गेला तर खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉल द्यायचा. म्हणजे रेफरीने चेंडू हातातून जमिनीवर सोडायचा, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. हे पेनल्टी एरियात घडलं तर चेंडू बचाव करणाऱ्या गोलकीपरला मिळतो. म्हणजे हाफिझला.

मी चेंडू सोडला. त्याचा टप्पा पडला. हाफिझने लेल्यांकडे बघून डोळा मारला आणि मागे वळून चेंडू अलगद स्वतःच्याच गोलमध्ये ढकलला.

काय जल्लोष झाला! दोन्ही टीम टाळ्या वाजवत होत्या. वैशालीने पिशवीची चेन उघडली.

मी पुन्हा शिट्टी वाजवली.

"नाऊ व्हॉट?" हाफिझ ओरडला.

ड्रॉप बॉलवरून गोल व्हायला चेंडूला निदान दोन खेळाडूंचा स्पर्श व्हावा लागतो. एकट्यानेच स्वतःच्या गोलमध्ये मारला तर गोल नाही, समोरच्यांना कॉर्नर. एवढ्या वर्षांत हा नियम वापरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी कॉर्नरकडे हात दाखवला. वैशालीने चेन लावली आणि माझ्याकडे असं बघितलं की डबा उघडला तरी मला पेढा मिळणार नाही, हे मी धरून चालले.

एव्हाना लेले लाल झाले होते. ते हाफिझसमोर जाऊन उभे राहिले.

"ब्रदर, थँक यू. बट नो चॅरिटी. प्ले रिअल."

हाफिझने ग्लोव्ह्ज घट्ट केले. "ओके, अंकल. रिअल."

कॉर्नर आला. या वेळी मी चांगली लांब उभी होते. चेंडू उंच न येता कमरेएवढ्या उंचीवरून सणसणत आला. लेले त्याला चुकवायला वळले. हो, चुकवायलाच! चेंडू त्यांच्या पाठीवर फाडकन आदळला आणि गोलकडे वळला. हाफिझने जीव तोडून झेप घेतली. बोटं लागली. चेंडू बोटांवरून घसरून आत गेला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

पुढचं काय सांगू? लेले आधी हसले, मग तिथेच बसून रडले. हाफिझने त्यांना उचललं. मला इतका आनंद झाला की मी घड्याळात बघायचं नाटक केलं.

सामना संपल्यावर पेढे सगळ्यांना मिळाले. मिस्टर लिमनी दोन खाल्ले. "लॉ, व्हेरी गुड," ते म्हणाले. "पोझिशनिंग, नॉट सो गुड. युवर बॅक इज नॉट अ प्लेअर."

वरची ग्रेड मिळाली. पोझिशनिंगचा शेराही मिळाला, तोही बरोबरच होता.

लेले निघण्याआधी शर्ट वर करून पाठीवरचा गोल लाल वण भेटेल त्याला दाखवत होते. तसाच वण माझ्याही पाठीवर होता. तो मी कुणाला दाखवला नाही. माझा गोल धरला गेला नव्हता.