आरशातला कॅप्टन

माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी मी दिवसाआड सलूनमध्ये जातो. दाढीचं निमित्त. बायको म्हणते, "लोकांचे नळ गळतायत आणि हे तिथे जाऊन बसतात." बरोबर आहे तिचं. मी प्लंबर आहे, माझं आयुष्य लोकांच्या बेसिनखाली वाकून चाललंय. जरा पाठ सरळ करायला माणसाने जायचं तरी कुठे?

सलून एका खुर्चीचं. खुर्चीसमोर भिंतभर आरसा, मागे दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक. हे बाक रस्त्याकडे तोंड करून ठेवलंय, कारण शेजारीच टॅक्सीस्टँड आहे आणि दाढीला आलेल्या टॅक्सीवाल्याचा जीव गाडीत अडकलेला असतो. म्हणजे बसणाऱ्याची पाठ आरशाकडे. हे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यानेच झाला.

सलूनवाल्याला आम्ही कॅप्टन म्हणतो. साठीचा माणूस, बारीक, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. सकाळी दुकान उघडलं की जो उभा राहायचा तो कुलूप लावेपर्यंत. पिंढऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या. कितीदा सांगितलं, "अहो, टेका जरा." त्यावर ठरलेलं उत्तर, "खुर्ची गिऱ्हाइकाची आहे."

त्यांना एकच लेक. दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून बापासाठी काय आणलं, तर हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. त्यात बेसबॉल. बेसबॉल म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणाच्या बापाला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. दुकानदाराने "मोठ्या माणसांना हा जमतो, एकच बटण दाबायचं" म्हणून गळ्यात मारला. देताना म्हणाली, "बाबा, दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा हा घेऊन बसायचं. बसायचं म्हणजे बसायचं. कबूल?" ते म्हणाले, "कबूल."

दुपारी गिऱ्हाईक नसतं असं तिला वाटत होतं. गेम आला तसा बाकावर पडला आणि आमच्या हाती लागला.

मग सुरू झाली आमची टीम. नियम असा की बाकावर बसलेल्याने खेळायचं आणि खुर्चीवर नंबर लागला की चेंडू हवेत असला तरी गेम शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. मी एकदा दिला नाही, तेव्हा कॅप्टननी मला बिनसाबणाची दाढी करण्याची धमकी दिली होती. दुसरा नियम, गेम डोळ्यांसमोर उंच धरायचा. कारण कॅप्टनना आरशातून आमच्या खांद्यावरून तो बघता यायला हवा. वस्तरा गळ्यावर असताना मान वळवायची नाही, पण नजर आरशात एकदा टाकायला कुणाची बंदी आहे? तेवढ्यात त्यांना सगळं दिसायचं. समोरचा गडी चेंडू टाकायचा, इकडे कॅप्टन हळूच म्हणायचे, "आता." आपण बटण दाबायचं. चेंडू थेट प्रेक्षकांत, म्हणजे होम रन. आणि आपली अक्कल चालवून दाबलं की हवेत बॅट. मी स्वतःच्या अकलेवर खेळून इतक्या वेळा आउट झालोय की विचारू नका. कॅप्टन हे नाव तिथूनच पडलं.

आठवड्याला लेकीचा फोन यायचा. "बाबा, खेळता ना?"

"हो तर. आज दोन होम रन मारले."

आम्ही बाकावर तोंड दाबून हसायचो. कॅप्टनची मान मात्र खाली जायची. गेम त्यांनी एकदाही हातात घेतला नव्हता. सुरुवातीला तिला वाईट वाटू नये म्हणून थोडं सांगितलं, मग त्या थोड्याचं मोठं झालं. आणि एक दिवस ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येतेय. मला समोर बसून खेळून दाखवायचं."

फोन ठेवला आणि कॅप्टनचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "पहिल्या पगारातून आणला हो तिने. मी हातही लावला नाही हे कळलं तर काय वाटेल तिला?"

"त्यात काय," मी म्हणालो, "शिकवतो तुम्हाला." उंटावरचा शहाणा मी.

त्याच दुपारी त्यांना बाकावर बसवलं, म्हणजे टेकवलं. गेम हातात दिला. चेंडू आला, त्यांनी बरोबर वेळेवर मारला. वा. पण चेंडू मैदानातच पडला, आणि तसा पडला की आपला गडी ज्या बाजूला पळवायचा त्या बाजूचं बटणही दाबावं लागतं, जे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं. पहिला बेस, म्हणजे पळत गाठायचा पहिला टप्पा, उजवीकडे. कॅप्टननी दाबलं डावं. गडी जागच्या जागी उभा. आउट. पुन्हा मारला, पुन्हा डावं.

"अहो, उजवीकडे पळतात ना सगळे."

"काहीतरीच काय. वर्षभर बघतोय मी. डावीकडे पळतात." मग स्क्रीन जवळ धरून बघत राहिले. "आणि हा उजव्या हाताने कसा खेळायला लागला? मला वाटायचं ही सगळी मंडळी डावखुरी आहेत."

तेव्हा माझ्या टकलात प्रकाश पडला. केसांच्या बाबतीत आरशातलं डावं-उजवं या माणसाला झोपेतसुद्धा कळतं. पण बेसबॉल त्यांनी सरळ कधी पाहिलाच नव्हता. जो पाहिला तो आरशातला, उलटा, आणि तोच त्यांच्या अंगात मुरला होता. आम्ही रोज घोकून घेतलं, उजवीकडे, कॅप्टन, उजवीकडे. तोंडाने ते बरोबर म्हणायचे आणि अंगठा डावीकडे जायचा. मी चिडलो, ओरडलो, शेवटी कानाला खडा लावला की पुन्हा कुणाला काही शिकवणार नाही.

लेक आली ती सांगितलेल्या वेळेच्या आधीच. खुर्चीवर आमचा टॅक्सीवाला, अर्धी दाढी झालेला. बाकावर मी. बॅग खाली ठेवून तिने आधी गेमच उचलला. "या बाबा, एक डाव होऊन जाऊ दे."

कॅप्टननी हात पुसले. फार वेळ पुसले. मग बाकाच्या कडेवर टेकले. चेंडू आला, मारला, डावीकडे दाबलं. आउट. दुसरा, तसाच. तिसऱ्याला तर बॅटही लागली नाही.

ती बघत होती. "बाबा, तुम्ही हा हातात तरी घेतला होता का?"

पितळ उघडं पडलं. ते म्हणाले, "नाही गं. गिऱ्हाईक असतं."

"मी तुम्ही बसावं म्हणून आणला होता," ती म्हणाली. "मला वाटायचं, दिवसातून तेवढा वेळ तरी तुम्ही बसत असाल."

आता माझ्याने राहवेना. "हे बघ पोरी," मी म्हणालो, "तुझा बाप बसला नाही, हे खरं. पण खेळला नाही असं म्हणू नकोस. या दुकानातला एकही होम रन त्यांच्या शब्दाशिवाय लागलेला नाही. मी वर्षभर नुसता अंगठा आहे त्यांचा."

"मीही," टॅक्सीवाला फेसातून बोलला. "आरशात बघून सांगतात ते."

तिने आरशाकडे बघितलं, बाकाकडे बघितलं. विश्वास बसलेला दिसेना. मग टॅक्सीवाल्याला म्हणाली, "काका, जरा उठता का?" तो अर्ध्या फेसासकट उठला. "बाबा, तुम्ही इथे बसा."

"अगं, खुर्ची गिऱ्हाइकाची..."

"बसा म्हणते ना."

कॅप्टन आपल्याच खुर्चीत बसले, आरशाकडे तोंड करून. ती बाकावर बसली, आरशाकडे पाठ करून. मी तिला म्हणालो, "उंच धर." तिने धरला.

पहिला चेंडू आला. "सोड," कॅप्टन म्हणाले. तिने सोडला. दुसऱ्याला तिचा अंगठा शिवशिवला. "थांब." ती थांबली. तिसरा आला.

"आता."

चेंडू जो गेला तो मैदानाबाहेरच. गेममधले प्रेक्षक टाळ्या पिटायला लागले, आणि लाज कसली, आम्हीही. लेक वळली. बाप खुर्चीत मागे रेलून, पाय लांब सोडून हसत होता. एवढी वर्षं मी या माणसाला ओळखतो, त्याच्या चपलांचे तळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ती बघतच राहिली. डोळे भरले होते आणि हसूही फुटत होतं, मला उगाच माझ्या लेकीची आठवण झाली.

मग कॅप्टनना टॅक्सीवाल्याची अर्धी दाढी दिसली आणि ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.

"बसा हो," टॅक्सीवाला म्हणाला. "गाडी चालवायला दाढी लागत नाही."

"उठू नका बाबा," लेक म्हणाली आणि गेम पुन्हा उंच धरला. "आपला डाव संपलेला नाही."

ते उठले नाहीत.